बेंझाल्डिहाइड ते क्विनॉक्झॅलिन: एम.एस्सी. सेंद्रिय प्रात्यक्षिकाच्या नोंदी

७ जुलै २०२५ : आराखडा

एम.एस्सी. भाग १ च्या सेंद्रिय प्रात्यक्षिकात सहसा सुटी सुटी प्रिपरेशन्स असतात. पदार्थ बनवायचा, द्रवणांक काढायचा, नमुना पुडीत बांधून जमा करायचा. पुडीतला माल शुद्ध आहे की नाही, यावर पुढचं काहीच अवलंबून नसतं, त्यामुळे शुद्धतेचं महत्त्व फक्त जर्नलपुरतं उरतं. या सत्रात तीन पायऱ्यांची साखळी लावायची आहे: बेंझाल्डिहाइडपासून बेंझॉइन, बेंझॉइनपासून बेंझिल, बेंझिलपासून २,३-डायफेनिलक्विनॉक्झॅलिन. अट एकच. पुढची पायरी स्वतः बनवलेल्या पदार्थावरच करायची, भांडारातली बाटली मिळणार नाही. प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये एक चाचणी असेल आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढची पायरी लावायची नाही.

मार्ग ठरवताना तीन निर्णय घेतले.

बेंझॉइन संघनन व्योलर आणि लीबिग यांनी १८३२ मध्ये सायनाइड वापरून केलं आणि कित्येक हस्तपुस्तिकांत अजूनही तेच आहे. वीस जणांच्या बॅचमध्ये सोडियम सायनाइड वाटायचं, आणि शेजारच्या बाकावर आम्ल उघडं असायचं, हे आम्हाला मान्य नाही. सायनाइडचं काम थायामिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, करतं. हे उकाई आणि सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये दाखवलं आणि ते कसं घडतं याचा उलगडा ब्रेस्लो यांनी १९५८ मध्ये केला. शिवाय पायरुव्हेटचं डीकार्बॉक्सिलेशन करणारं एन्झाइम हीच युक्ती वापरतं, त्यामुळे व्हायवात जैवरसायनाचा धागाही जोडता येतो.

बेंझिलसाठी संहत नायट्रिक आम्लाऐवजी कॉपर ॲसिटेट आणि अमोनियम नायट्रेट. कारणं २५ जुलैच्या नोंदीत येतील.

शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी बेंझिलिक आम्लाची असते. बेंझिलिक आम्ल रासायनिक शस्त्रास्त्र बंदी कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिकवण्यापुरत्या ग्रॅमभर मालाने काही अडचण येत नाही, पण हिशेब ठेवण्याची कटकट नको आणि विषमचक्रीय संयुगाची एक तयारी अभ्यासक्रमात हवीच होती, म्हणून क्विनॉक्झॅलिन.

९ जुलै : बेंझाल्डिहाइड

या साखळीतलं सगळ्यात दुर्लक्षित रसायन हेच, आणि पहिली पायरी फसण्याचं पहिलं कारणही हेच. बाटली एकदा उघडली की हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं बेंझॉइक आम्ल होऊ लागतं. बुचाच्या कडेला पांढरे कण दिसले तर ते तेच.

आकडा मांडून पाहिला की गांभीर्य कळतं. १० मिली बेंझाल्डिहाइड म्हणजे १०.४ ग्रॅम, ९८ मिलिमोल. त्यात वजनाने ५ टक्के बेंझॉइक आम्ल असेल तर ते झालं ०.५२ ग्रॅम, म्हणजे ४.३ मिलिमोल. आपण थायामिन हायड्रोक्लोराइड घेणार १.७५ ग्रॅम, ५.२ मिलिमोल. त्यासाठी कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, देणार सुमारे १०.५ मिलिमोल. त्यातला अर्धा हायड्रोक्लोराइडचं उदासिनीकरण करण्यात जातो, उरलेला अर्धा थायाझोलियम वलयाच्या दुसऱ्या कार्बनवरचा प्रोटॉन काढायला असतो. त्या उरलेल्या ५.३ पैकी ४.३ मिलिमोल बेंझॉइक आम्लाने खाल्ले, की उत्प्रेरक तयारच होत नाही. विद्यार्थी दीड तास वॉटर बाथसमोर बसतो आणि हाती बेंझाल्डिहाइडचाच वास येतो.

परख: परीक्षानळीत १ मिली बेंझाल्डिहाइड आणि २ मिली १० टक्के सोडियम कार्बोनेट घालून हलवायचं. बुडबुडे आले तर ते तसंच वापरायचं नाही.

शुद्धीकरण: सेपरेटिंग फनेलमध्ये १० टक्के सोडियम कार्बोनेटने, बुडबुडे थांबेपर्यंत धुवायचं. बूच लावून हलवल्यावर दर वेळी कॉक उघडून दाब सोडायचा, नाहीतर बूच उडतं. मग पाण्याने धुऊन निर्जल मॅग्नेशियम सल्फेटवर सुकवायचं. बेंझाल्डिहाइडची घनता १.०४, पाण्यापेक्षा जेमतेम जास्त. त्यामुळे थर हळू सुटतात आणि कधी कधी दाट कार्बोनेट द्रावणात वरखाली होतात. कोणता थर कुठला याची शंका आली तर एक थेंब पाण्यात टाकून बघायचं.

शेवटी कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन. साध्या दाबाला ते १७९ अंशांना उकळतं आणि तेवढ्या तापमानाला हवा लागली की पुन्हा आम्ल होतं. पाऱ्याच्या १० मिमी दाबाला ६२ अंश पुरतात, पण पावसाळ्यात नळाचं पाणी २७ अंशांच्या आसपास असतं आणि ॲस्पिरेटर पंप त्या तापमानाच्या बाष्पदाबाखाली, म्हणजे साधारण २७ मिमीखाली, जाऊच शकत नाही. म्हणून ८० अंशांच्या आसपास येणारा भाग गोळा केला. निर्वातात पोर्सेलिनचे तुकडे काम करत नाहीत, कारण त्यांच्यातली हवा आधीच ओढली जाते. चुंबकीय ढवळणी किंवा बारीक कॅपिलरी लागते. गोळा केलेलं द्रव तपकिरी बाटलीत, काठोकाठ, नायट्रोजन सोडून फ्रिजमध्ये. आठवड्याच्या आत संपवायचं.

ही तयारी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यायची नाही, वेळ पुरणार नाही. पण कार्बोनेटची परख प्रत्येकाने स्वतः करायची आणि जर्नलात लिहायची.

११ जुलै : थायामिन आणि कॉस्टिक

१०० मिलीच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये १.७५ ग्रॅम थायामिन हायड्रोक्लोराइड, ५ मिली पाणी. पूर्ण विरघळल्यावर २० मिली रेक्टिफाइड स्पिरिट (सुमारे ९५ टक्के इथेनॉल). बर्फात ठेवून ५ अंशांपर्यंत थंड. ३ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ३.५ मिली, तेही बर्फात गार केलेलं, दहा मिनिटांत थेंब थेंब. तापमान २० अंशांच्या वर जाता कामा नये.

कॉस्टिक पडलं की गर्द पिवळा रंग उमटतो आणि ढवळल्यावर फिका पडतो. पुढचा थेंब आधीचा रंग फिका पडल्यावरच. कॉस्टिक एकदम ओतलं किंवा द्रावण गरम राहिलं तर थायाझोलियम वलय उघडतं, रंग गर्द पिवळाच राहतो आणि गंधकयुक्त वास येतो. असं झालेलं द्रावण फेकून नव्याने करावं. त्यात बेंझाल्डिहाइड घालून आशा धरण्यात अर्थ नाही.

मग १० मिली शुद्ध केलेलं बेंझाल्डिहाइड एका वेळी. द्रावण क्षणभर गढूळ होतं, ढवळल्यावर निवळतं. पीएच कागदावर ९ च्या आसपास हवा. ८ च्या खाली दिसला तर त्याच कॉस्टिकचे दोन-तीन थेंब घालून पुन्हा बघायचं.

थायामिनची भुकटीच वापरायची. औषधाच्या दुकानातल्या बी-१ च्या गोळ्यांत स्टार्च आणि इतर भरण असतं, ते विरघळत नाही आणि बेंझॉइनच्या स्फटिकांत अडकतं. भुकटी ओल शोषते, म्हणून बाटली फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

१४ जुलै : गरम की गार?

दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लावल्या. एक संच ६० ते ६५ अंशांच्या वॉटर बाथवर दीड तास. दुसरा बूच लावून कपाटात, खोलीच्या तापमानाला.

गरम पद्धत एका प्रात्यक्षिकात बसते, पण बाथवर सतत नजर लागते. ६५ च्या वर गेलं की उत्प्रेरक तुटायला लागतो आणि द्रावण नारिंगी होत जातं. हॉट प्लेटच्या चकतीवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नये, थर्मामीटर पाण्यात हवा. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या फ्लास्कमध्ये दुसऱ्या दिवशी बुडाशी स्फटिकांचा थर होता आणि तिसऱ्या दिवशी तो दुप्पट जाड दिसला. वरचं द्रव फिकट पिवळं, स्फटिक स्वच्छ पांढरे. क्रूड यील्ड, म्हणजे शुद्ध करण्याआधीचं उत्पन्न, गरम पद्धतीत ६२ टक्के, गार पद्धतीत ७४ टक्के.

निष्कर्ष सरळ आहे. वेळापत्रकात दोन प्रात्यक्षिकांमध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर असेल तर गार पद्धतच लावावी. गरम पद्धत राखीव.

स्फटिक येईनात तर: बर्फात गार करून काचेच्या कांडीने फ्लास्कच्या आतल्या बाजूला, द्रवाच्या पातळीपाशी, घासायचं. तरी तेल सुटत असेल तर किंचित गरम करून ते विरघळवायचं, बेंझॉइनचा एक कण बीज म्हणून टाकायचा आणि न हलवता ठेवून द्यायचं. तेल सुटलेलं असतानाच बर्फात ढकललं तर त्याचा गोळा होतो आणि आत बेंझाल्डिहाइड कोंडून राहतं.

१६ जुलै : गाळणं आणि पुनर्स्फटिकीकरण

बुकनर फनेल, सक्शन. १:१ गार स्पिरिट आणि पाणी, दोनदा १०-१० मिली. हे धुणं बेंझाल्डिहाइडचा वास जाईपर्यंत. सक्शन बंद करताना आधी नळी काढायची, मग नळ बंद. उलट केलं तर पंपाचं पाणी फ्लास्कमध्ये येतं, म्हणून मध्ये ट्रॅप बाटली सक्तीची.

पुनर्स्फटिकीकरणाला उकळतं रेक्टिफाइड स्पिरिट, ग्रॅमला साधारण ८ मिली. वॉटर बाथवर, कंडेन्सर लावून. बर्नर बंद. स्पिरिट कमी पडतंय म्हणून वरून ओतायचं असेल तर फ्लास्क बाथवरून बाजूला घेऊनच. गाळायची गरज फक्त न विरघळणारा कचरा असेल तरच. गरज नसताना गरम गाळायला गेलं की फनेलच्या दांड्यातच स्फटिक गच्च बसतात आणि दहा टक्के माल तिथेच जातो. गाळावंच लागलं तर आखूड दांड्याचं फनेल ओव्हनमध्ये गरम करून.

२१ जुलै : द्रवणांक, आणि तो कधी पुरत नाही

बेंझॉइनची पहिली चाचणी द्रवणांक. शुद्ध पदार्थ १३५ ते १३७ अंशांदरम्यान वितळतो. १३२ पेक्षा कमी किंवा तीन अंशांपेक्षा रुंद पल्ला आला तर पुन्हा स्फटिकीकरण.

थील नळीत द्रव पॅराफीन. कॅपिलरीत पदार्थ २ ते ३ मिमी उंचीचा, घट्ट बसवलेला, कारण सैल भरला तर मध्येच आकसतो आणि विद्यार्थी त्यालाच वितळणं समजतो. कॅपिलरी बांधायचं रबर तेलाच्या पातळीच्या वर हवं. तेल तापून फुगतं आणि वर चढतं, रबर त्यात बुडालं की मऊ होऊन कॅपिलरी सुटते. १२० अंशांपर्यंत पटकन, नंतर मिनिटाला दोन अंश. पहिला थेंब दिसला ते एक तापमान, शेवटचा कण गेला ते दुसरं, दोन्ही लिहायची. जर्नलात "१३६ अंश" असा एकच आकडा आला तर तो मोजलेला नाही, पुस्तकातून उतरवलेला आहे.

द्रवणांक जुळला म्हणजे पदार्थ तोच, असंही नाही. मेसो हायड्रोबेंझॉइन हे बेंझॉइनचं क्षपण होऊन मिळणारं संयुग १३६ ते १३७ अंशांनाच वितळतं. दोन कॅपिलऱ्या, दोन वेगळे पदार्थ, आकडा जवळजवळ एकच. दोन्ही मिसळून तिसरी कॅपिलरी भरली की ते मिश्रण बऱ्याच खाली आणि रुंद पल्ल्यात वितळतं. हे प्रात्यक्षिक दहा मिनिटांत होतं आणि मिश्र द्रवणांकाची गरज त्यातून जितकी पटते तितकी व्याख्यानातून पटत नाही. हायड्रोबेंझॉइनचे पाच ग्रॅम वर्षभर पुरतील, भांडारात ठेवावेत.

२४ जुलै : बेंझिल

बेंझॉइन ५.३ ग्रॅम (२५ मिलिमोल), अमोनियम नायट्रेट २.५ ग्रॅम (३१ मिलिमोल), क्युप्रिक ॲसिटेट ०.०५ ग्रॅम, ग्लेशियल ॲसेटिक आम्ल १३ मिली, पाणी ३ मिली. ५० मिलीचा फ्लास्क, पोर्सेलिनचे दोन तुकडे, पाण्याचा कंडेन्सर, हीटिंग मँटल. दीड तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ कंडेन्सरमध्ये गार होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल असं उकळणं.

तांबं इतकं थोडं का पुरतं, हे विद्यार्थ्याला आधी कळलं पाहिजे. बेंझॉइनकडून इलेक्ट्रॉन घेतो क्युप्रिक आयन, आणि तो क्युप्रस होतो. नायट्रेट त्याला पुन्हा क्युप्रिक करतं आणि स्वतः नायट्राइट होतं. अमोनियम नायट्राइट त्या उष्णतेला टिकत नाही, त्याचा नायट्रोजन आणि पाणी होतं. म्हणजे तांबं फक्त फेऱ्या मारतं, खर्च होतं अमोनियम नायट्रेट.

निरीक्षण: घटक विरघळताना द्रावण निळसर, तापल्यावर हिरवं. रिफ्लक्स सुरू होताच बुडबुड्यांची धार दिसते. ती उकळण्याची नाही, नायट्रोजनची आहे. २५ मिलिमोल बेंझॉइनमागे खोलीच्या तापमानाला सुमारे ६०० मिली वायू निघतो, म्हणून कंडेन्सरचं वरचं तोंड उघडंच ठेवायचं. वायू जोरात येत असताना मँटल कमी करायचा. फेस कंडेन्सरमध्ये चढला तर घन पदार्थ वर चिकटून राहतो आणि त्याचं ऑक्सिडीकरण होतच नाही.

उकळत्या पाण्याच्या बाथवर हे जमत नाही. मिश्रण शंभर अंशांच्या वर उकळतं, बाथवर रिफ्लक्स होत नाही, वायू मंद येतो आणि दीड तासानंतरही बेंझॉइन शिल्लक राहतं.

टीएलसी (सिलिकाच्या पातळ थराच्या प्लेटवर घटक वेगळे करून बघणं) दर अर्ध्या तासाने. ॲसेटिक आम्लातला थेंब थेट प्लेटवर ठेवला तर ठिपका शेपटीसारखा ओढला जातो. म्हणून लहान नळीत दोन थेंब मिश्रण, अर्धा मिली इथाइल ॲसिटेट, अर्धा मिली पाणी, हलवून वरचा थर प्लेटवर. पेट्रोलियम इथर आणि इथाइल ॲसिटेट ४:१. शेजारी बेंझॉइन आणि मधल्या रांगेत दोन्ही एकावर एक. बेंझिल वर धावतं, बेंझॉइन खाली राहतं, कारण त्याचा हायड्रॉक्सिल गट सिलिकाला धरून बसतो. दोन्ही २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली दिसतात.

अमोनियम नायट्रेटबद्दल दोन सूचना. एक, हे ऑक्सिडीकारक आहे. कागद, लाकडाचा भुसा, सेंद्रिय द्रावकं यांच्यापासून दूर, वेगळ्या कप्प्यात. खरेदी आणि साठा २०१२ च्या अमोनियम नायट्रेट नियमांच्या कक्षेत येतो, म्हणून मागणीपत्र टाकण्याआधी भांडार विभागाशी बोलून घ्यावं. दोन, पावसाळ्यात ते हवेतली ओल शोषून ओलं होतं आणि गोळा बनतं. ओलं वजन केलं की प्रत्यक्षात नायट्रेट कमी पडतं, प्रतिक्रिया अर्धवट राहते. गोळा फोडायला खलबत्ता किंवा हातोडी वापरायची नाही. वजन करण्यापुरतं काढून डेसिकेटरमध्ये आदल्या दिवशी ठेवावं.

२५ जुलै : नायट्रिक आम्ल का नाही

तुलनेसाठी एक संच फ्यूम हूडमध्ये: ४ ग्रॅम बेंझॉइन, १४ मिली संहत नायट्रिक आम्ल, वॉटर बाथ. बेंझिल चांगलं मिळतं, उपकरणंही साधी. पण तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड थांबेपर्यंत हूडसमोरून हलता येत नाही, आणि वीस फ्लास्क एका हूडमध्ये बसत नाहीत. हा वायू फुप्फुसांना इजा करतो आणि त्याचा परिणाम काही तासांनी जाणवू शकतो, त्यामुळे "त्रास झाला नाही" हा निकष इथे चालत नाही. हूड अपुरे असतील तर नायट्रिक मार्ग लावूच नये.

२९ जुलै : बेंझिल वेगळं करणं, आणि जांभळा रंग

रिफ्लक्स संपल्यावर गडबड होते ती गार करण्यात. बेंझिल ९५ अंशांना वितळतं, आणि द्रावक अंगात असताना त्याहून खालीच. गरम मिश्रणात पाणी ओतलं की बेंझिल पिवळ्या तेलाच्या रूपात बुडाशी बसतं, मग त्याचा एकसंध खडा होतो आणि आत तांब्याचं हिरवं द्रव अडकतं. म्हणून: मँटल काढून फ्लास्क आपोआप ५० अंशांपर्यंत येऊ द्यायचा, बीज टाकायचं, ढवळत खोलीच्या तापमानाला आणायचं, तासभर ठेवायचं आणि मगच गाळायचं. धुण्याचं पाणी हिरवट-निळसर येणं थांबेपर्यंत पाण्याने धुणं.

गाळणीखालचं द्रव आटवून दुसरी खेप काढायची पद्धत आमच्या हँडआउटमध्ये ठेवलेली नाही. त्यात उरलेलं अमोनियम नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र असतात. असं द्रव कोरडं होईपर्यंत तापवणं धोक्याचं आहे, आणि मिळणारा माल दोन-तीन दशांश ग्रॅमचा.

पुनर्स्फटिकीकरण: कमीत कमी गरम स्पिरिट, मग गरम पाणी थेंब थेंब, गढूळपणा टिकेपर्यंत, मग तो जाईल इतकेच स्पिरिटचे थेंब. सावकाश गार झालं तर पिवळ्या षटकोनी कांड्या येतात, खडीसाखरेसारख्या स्वच्छ. घाईत गार केलं तर पिवळी भुकटी.

दुसरी चाचणी, सगळ्या साखळीतली सर्वांत आवडती: चिमटीच्या टोकावर मावेल इतकं बेंझिल अर्धा मिली स्पिरिटमध्ये, त्यात १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब. बेंझॉइन शिल्लक असेल तर थोड्याच वेळात जांभळा रंग चढतो. दोन-तीन मिनिटांत काही झालं नाही तर बेंझिल पुढे न्यायला योग्य. मग त्याच नळीत बेंझॉइनचा एक कण टाकायचा, रंग येतो, म्हणजे चाचणी चालते आहे याचीही खात्री. द्रवणांक ९३-९५ आला तरी ही चाचणी जांभळी येऊ शकते, कारण थोडंसं बेंझॉइन द्रवणांकाला फारसं खाली ओढत नाही. अशा वेळी शेवटचा निर्णय रंगाचा. फेलिंगची परीक्षा हा पर्याय आहे, बेंझॉइन फेलिंगचं क्षपण करतं आणि बेंझिल करत नाही, पण अंशमात्र बेंझॉइनसाठी रंगाची चाचणी जास्त तीक्ष्ण आहे.

४ ऑगस्ट : क्विनॉक्झॅलिन

बेंझिल २.१ ग्रॅम (१० मिलिमोल) ८ मिली कोमट स्पिरिटमध्ये. ऑर्थो-फेनिलिनडायअमीन १.०८ ग्रॅम (१० मिलिमोल) वेगळ्या ८ मिली स्पिरिटमध्ये. दोन्ही मिसळून वॉटर बाथवर अर्धा तास. पिवळा रंग फिका होत जातो. मग पाणी थेंब थेंब, किंचित गढूळपणा टिकेपर्यंत, आणि सावकाश गार. जलमिश्रित स्पिरिटमधून पुनर्स्फटिकीकरण. द्रवणांक १२५ ते १२६.

सोपी पायरी, पण डायअमीन साथ देईल तर. बाटलीतला पदार्थ बहुतेक वेळा तपकिरी किंवा काळपट झालेला असतो, आणि तो रंग शेवटपर्यंत सुटत नाही. गरम पाण्यात विरघळवून, चिमूटभर सोडियम डायथायोनाइट आणि थोडा कोळसा घालून गाळलं की फिकट स्फटिक येतात. ते त्याच दिवशी वापरायचे. हा अमीन त्वचेला ॲलर्जी आणतो आणि कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. वजन हूडमध्ये, नायट्राइलचे हातमोजे, सांडलं तर ओल्या कागदाने पुसायचं, झाडायचं नाही.

एक मिलिमोलसुद्धा जास्त अमीन घेण्यात फायदा नाही, नंतर धुऊन काढावं लागतं. बेंझिल ओलं असेल तर मात्र नकळत अमीनच जास्त होतं. म्हणून बेंझिल वजन करण्याआधी कोरडं आहे याची खात्री: दोन वजनं, मध्ये तासाभराचं अंतर, फरक १० मिलिग्रॅमच्या आत.

अवरक्त वर्णपट इथे खरा कामाला येतो. बेंझॉइनमध्ये ३४०० सेमी⁻¹ च्या आसपास हायड्रॉक्सिलची पट्टी आणि १६८० जवळ कार्बोनिल. बेंझिलमध्ये हायड्रॉक्सिल नाहीसा, कार्बोनिल १६६० ते १६८० दरम्यान. क्विनॉक्झॅलिनमध्ये कार्बोनिलही नाही. तिन्ही आलेख एकाखाली एक चिकटवायला सांगितलं तर साखळी नजरेसमोर उभी राहते. नमुना ज्यात दाबतात ती केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) चकती पावसाळ्यात ओल धरते आणि ३४०० जवळ पाण्याची रुंद पट्टी येते. ती बेंझिलमधलं हायड्रॉक्सिल समजू नये. केबीआर ओव्हनमधून काढून लगेच दाबावं.

११ ऑगस्ट : यील्डचा हिशेब

प्रत्येक पायरीवर सगळा माल पुढे जात नाही. बेंझॉइन सात ग्रॅम मिळालं तरी ५.३ च घेतो, बेंझिल साडेचार मिळालं तरी २.१ च. त्यामुळे शेवटच्या ग्रॅमना पहिल्या ग्रॅमनी भागून एकूण यील्ड निघत नाही. पायऱ्यांचे टक्के एकमेकांनी गुणायचे. उदाहरण: ६८, ८४ आणि ७५ टक्के. ०.६८ × ०.८४ × ०.७५ = ०.४३, म्हणजे एकूण ४३ टक्के.

पहिल्या पायरीचा सैद्धांतिक यील्ड काढताना बरेच जण अडखळतात, कारण दोन रेणूंचा एक होतो. पण काहीही बाहेर पडत नाही, म्हणून १०.४ ग्रॅम बेंझाल्डिहाइडपासून कमाल १०.४ ग्रॅमच बेंझॉइन. रेणुभार १०६ आणि २१२ समोर ठेवले की लगेच पटतं.

१८ ऑगस्ट : पहिली बॅच

जे बिघडलं त्यात नवं काही नाही, पण कारणं नोंदवून ठेवण्यासारखी आहेत.

बेंझॉइन आलंच नाही अशा फ्लास्कमध्ये पीएच ७ निघाला. बेंझाल्डिहाइडची बाटली सगळ्यांच्या हातातून फिरत तासभर उघडी होती. यापुढे १० मिलीचे भाग आधीच लहान बाटल्यांत भरून ठेवायचे.

११० टक्के यील्डचं बेंझिल. अर्थातच ओलं. दमट हवेत बुकनरवरचा माल तासाभरात सुकत नाही. बेंझॉइनला ओव्हनमध्ये ८० अंश चालतात, बेंझिलला नाही. बेंझिल आधी गाळणकागदाच्या घड्यांत दाबायचं, मग कॅल्शियम क्लोराइडच्या डेसिकेटरमध्ये रात्रभर. ओव्हनमध्ये ठेवलेलं ओलं बेंझिल वॉचग्लासवर वितळून पसरलं, ते खरवडण्यात पाव ग्रॅम गेला.

कंडेन्सरला पाणी वरून आत, खालून बाहेर जोडलेलं. आवरण अर्धंच भरतं, वाफ वर जाते, ॲसेटिक आम्लाचा वास खोलीभर. पाणी नेहमी खालून आत.

जांभळी चाचणी आलेल्यांनी त्याच बेंझिलचं पुन्हा स्फटिकीकरण करून पाहिलं आणि रंग तरीही आला. प्रतिक्रिया अर्धवट असेल तर स्फटिकीकरणाने भागत नाही. ते बेंझिल पुन्हा त्याच ऑक्सिडीकरण मिश्रणात, निम्म्या अमोनियम नायट्रेटसह, अर्धा तास रिफ्लक्स केलं की साफ होतं. हँडआउटमध्ये ही दुरुस्ती लिहिली.

२६ ऑगस्ट : गणपतीच्या सुट्टीआधी

उद्या गणेश चतुर्थी. दुसऱ्या बॅचचं बेंझॉइन आजच लावलं, गार पद्धतीने. प्रत्येक फ्लास्कला बूच, वर पॅराफिल्म, चिठ्ठीवर नाव, तारीख आणि घटक. चिठ्ठी पेन्सिलीने, कारण स्पिरिट लागलं की शाई उतरते. कपाट बंद, उन्हापासून दूर. फ्लास्क हलवायचे नाहीत.

३ सप्टेंबर : सुट्टीनंतर

बुडाशी जाड स्फटिक, काही तर बोटाच्या पेराएवढे लांब. मोठे स्फटिक दिसायला सुंदर, पण मोठ्या स्फटिकांत मूळ द्रव कोंडलेलं असतं. खलून धुतलं तेव्हा बेंझाल्डिहाइडचा वास पुन्हा आला. म्हणून लांब सुट्टीच्या मालाला पुनर्स्फटिकीकरण टाळता येत नाही, स्फटिक कितीही चांगले दिसोत.

८ सप्टेंबर : टाकाऊ द्रव

तीन वेगळ्या बाटल्या. पहिली तांबं आणि ॲसेटिक आम्ल असलेली, बेंझिलच्या गाळणाची. ही आटवायची नाही, स्पिरिटच्या बाटलीत मिसळायची नाही. दुसरी स्पिरिटचे सगळे मूळ द्रव, ज्वालाग्राही अशी खूण करून. तिसरी डायअमीन असलेलं सगळं, हातमोजे आणि पुसलेले कागद वेगळ्या पिशवीत. सिंकमध्ये जायला परवानगी फक्त कार्बोनेटच्या धुण्याच्या पाण्याला, तेही भरपूर पाण्याबरोबर.

१२ सप्टेंबर : पुढच्या सत्रासाठी

हँडआउटमध्ये आता दोन चौकटी आहेत: बेंझॉइननंतर मिश्र द्रवणांक, बेंझिलनंतर जांभळा रंग. दोन्हीवर शिक्षकाची सही झाल्याशिवाय पुढचं रसायन दिलं जाणार नाही. गुणांत यील्डचा वाटा कमी केला, चाचण्यांच्या नोंदींचा वाढवला. कमी यील्डचं शुद्ध बेंझिल आणणाऱ्याला जास्त यील्डच्या जांभळ्या बेंझिलपेक्षा जास्त गुण मिळतील.

वीस जणांसाठी मागणी: थायामिन हायड्रोक्लोराइड ३५ ग्रॅम लागतं, ५० मागवावं. बेंझाल्डिहाइड २०० मिली लागतं, धुण्यात आणि ऊर्ध्वपातनात जातं ते धरून ५०० मिलीची बाटली. अमोनियम नायट्रेट ५० ग्रॅम, दुरुस्तीच्या संचांसाठी आणखी २५. क्युप्रिक ॲसेटेट १ ग्रॅम. ऑर्थो-फेनिलिनडायअमीन २२ ग्रॅम, शुद्धीकरणातली घट धरून ५०. ग्लेशियल ॲसेटिक आम्ल अर्धा लिटर. रेक्टिफाइड स्पिरिट पाच लिटर, कारण ते धुण्यात, स्फटिकीकरणात आणि टीएलसीच्या नमुन्यांत सगळीकडे जातं आणि सत्राच्या मध्यावर संपलं तर परवान्याचं स्पिरिट लगेच मिळत नाही.